सगळ्या खाजेवर एकच गोळी का चालत नाही

अंगाला खाज सुटली की बहुतेक घरांत उपाय ठरलेले असतात. सेट्रिझिनची गोळी, शेजारणीला गुण आलेली ट्यूब आणि "उष्णता झालीय, तिखट बंद कर" हा सल्ला. गोळीने कधी तासाभरात आराम पडतो, तर कधी आठवडाभर घेऊनही खाज हटत नाही, नुसती झोप येते. आता त्यात इसबावरच्या महागड्या इंजेक्शनांची भर पडली आहे. डॉक्टर ती एकाला देतात आणि दुसऱ्याला "तुमच्यासाठी नाही" म्हणतात. का, ते कळत नाही म्हणून माणूस गोंधळतो.

'अ‍ॅलर्जी' हा एकच शब्द आपण कातडीतल्या निदान तीन निरनिराळ्या घडामोडींना वापरतो, तिथेच गोंधळ सुरू होतो. तिन्हींत खाज आहे, लाली आहे, सूज आहे. पण प्रत्येकीची सुरुवात करणारी पेशी वेगळी, आणि त्या पेशीच्या अंगावरचा जो रिसेप्टर जागा होतो तोही वेगळा. खाज किती वेळाने सुटणार, कातडी कशी दिसणार आणि कोणतं औषध लागू पडणार, हे सगळं त्या रिसेप्टरवर ठरतं.

रिसेप्टर म्हणजे नेमकं काय

पेशीच्या पातळ पडद्यात रोवलेलं प्रथिन. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला ठरावीक आकाराचा रेणू येऊन बसला की आतल्या टोकाची ठेवण बदलते आणि पेशीला निरोप पोचतो. दाराबाहेरच्या बेलचं बटण दाबलं की आवाज घरात होतो. बटण दाबणारा घरात शिरत नाही. रिसेप्टरचं काम असंच चालतं. कातडीतल्या एकेका प्रतिकारपेशीवर अशी अनेक प्रकारची बटणं असतात.

मिनिटांत उठणाऱ्या गांधी

पहिली घडामोड आपल्या ओळखीची: अंगावर पित्त उठणं. कोळंबी खाल्ली, पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, आणि पाच-दहा मिनिटांत गांधी उठल्या.

इथे कर्तीधर्ती असते मास्ट पेशी. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली तिचं वर्णन केलं. पेशीत दाणे खच्चून भरलेले दिसले म्हणून त्याला वाटलं, ही चांगली खाऊनपिऊन पोसलेली आहे, आणि त्या अर्थाने त्याने तिला 'मास्ट' म्हटलं. ते दाणे अन्नाचे नव्हते. त्यांत हिस्टामिन, म्हणजे रक्तवाहिन्या पाझरवणारं आणि खाज उठवणारं रसायन, भरलेलं असतं. कातडीत या पेशी रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या अगदी लगत बसलेल्या असतात, त्यामुळे दाणे फुटल्यावर परिणाम दिसायला वेळ लागत नाही.

मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर आयजीई नावाच्या प्रतिपिंडांना धरून ठेवणारे रिसेप्टर हजारोंनी असतात. (प्रतिपिंड म्हणजे एखाद्या परक्या पदार्थाला ओळखण्यासाठी शरीराने घडवलेलं प्रथिन. आयजीईचा शोध १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी लावला.) रक्तात मोकळं फिरणारं आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. मास्ट पेशीच्या रिसेप्टरवर एकदा बसलं की ते आठवडेच्या आठवडे तिथेच टिकतं. म्हणून महिनोन्महिने कोळंबीला हात न लावलेल्या माणसालाही पुढच्या घासाला त्रास होतो.

नुसतं आयजीई बसून काही होत नाही. कोळंबीतल्या प्रथिनाचा एकच रेणू शेजारच्या दोन आयजीईंनी एकाच वेळी पकडावा लागतो. दोघी मिळून साडीची घडी घालतात तेव्हा दोन टोकं दोघींच्या हातात असतात आणि घडी पडता पडता त्या एकमेकींजवळ येतात. तसे दोन रिसेप्टर जवळ खेचले गेले की मगच पेशीत निरोप जातो आणि दाणे बाहेर फेकले जातात.

गोळीचं काम इथे समजून घ्यावं. सेट्रिझिनसारखं अँटिहिस्टामिन मास्ट पेशीला थांबवत नाही. हिस्टामिनला रक्तवाहिनीवर आणि मज्जातंतूवर बसायला जी जागा लागते, एच-१ रिसेप्टर, ती जागा गोळी आधीच अडवून ठेवते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तेच. रुमाल गाडी भरण्याआधी टाकला तरच उपयोग. वरचेवर पित्त उठणाऱ्यांना डॉक्टर गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायला सांगतात ती याचसाठी. गांधी उठल्यावर धावाधाव करून घेतलेली गोळी उशिरा पोचते. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ पित्त उठत राहिलं तर झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिनचा डोस डॉक्टर चौपटीपर्यंत नेऊ शकतात. ते आपल्या मनाने करू नये.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली किंवा चक्कर येऊ लागली, तर मात्र एच-१ अडवून भागत नाही, कारण मास्ट पेशीतून हिस्टामिनखेरीज बरंच काही बाहेर पडलेलं असतं. तिथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन, मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅम, हाच पहिला उपचार आहे. गोळी देऊन वाट बघत बसू नका. दवाखाना गाठा.

हे पित्तच आहे ना, याची एक सोपी परीक्षा आहे. एका गांधीभोवती बॉलपेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत त्या जागेवरून मागमूस न ठेवता जाते, मग भले दुसरीकडे नवी उठो. दुसऱ्या दिवशी ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा डाग ठेवून गेली असेल, तर प्रकरण वेगळं आहे.

मास्ट पेशीला आणखी एक बटण आहे, आणि ते आयजीईशिवाय दाबलं जातं. त्याचं नाव एमआरजीपीआरएक्स-२. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं आणि भूल देताना वापरायची काही औषधं थेट हेच बटण दाबतात. "औषध आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं, तरी अंग लाल कसं झालं?" या जुन्या कोड्याचा बराचसा उलगडा यातून झाला. व्हँकोमायसिन शिरेतून भरभर दिलं की मान-छाती लालबुंद होते त्यातही याच रिसेप्टरचा हात आहे. म्हणून १ ग्रॅमची बाटली निदान ६० मिनिटं चालवतात. वेग कमी केला की बऱ्याचदा तेच औषध सोसतं. वेगाचा परिणाम आणि खरी आयजीईची अ‍ॅलर्जी यांतला फरक केसपेपरवर लिहिला गेला पाहिजे, नाहीतर रुग्णाला एक चांगलं औषध विनाकारण कायमचं बंद होतं.

रविवारचं कानातलं, मंगळवारची खाज

दुसरी घडामोड सावकाश चालते. रविवारी लग्नात खोटे झुमके घातले, रात्री काढून ठेवले. सोमवारी काही नाही. मंगळवारी कानाची पाळी लाल, खाज, बारीक पाण्याचे फोड, बुधवारी फोडांतून लस वाहते. मधे दोन दिवस गेल्यामुळे दोष झुमक्यांवर येत नाही. लग्नातल्या जेवणावर येतो.

इथे मास्ट पेशीचा संबंध नाही, आयजीईचाही नाही. इथल्या पेशी म्हणजे टी-पेशी, पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार, आणि गुन्हेगार बहुधा निकेल हा धातू. स्वस्त दागिन्यांवर चकाकीसाठी जो मुलामा देतात, त्याखाली निकेलचा थर असतो. घामातल्या क्षारांनी तो झिजतो आणि निकेलचे कण विरघळून कातडीत उतरतात.

टी-पेशी सहजासहजी कामाला लागत नाही. बँकेतला लॉकर आठवा. एक किल्ली बँकेची, एक आपली. दोन्ही फिरल्याशिवाय कप्पा उघडत नाही. टी-पेशीची पहिली किल्ली म्हणजे तिच्या अंगावरचा टी-सेल रिसेप्टर, जो 'हा पदार्थ कोणता' ते ओळखतो. दुसरी किल्ली म्हणजे 'इथे धोका आहे' हा इशारा, जो कातडीतल्या पहारेकरी पेशींकडून यावा लागतो. ही दुहेरी व्यवस्था आहे म्हणूनच आपण रोज शेकडो परक्या गोष्टींना हात लावूनही सुखाने राहतो. त्यांच्याजवळ दुसरी किल्ली नसते.

निकेलजवळ ती असते. पहारेकरी पेशींवर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला एक घटक ओळखून धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं मूळ काम. ते उलगडणाऱ्या ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २०१० साली जर्मन संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या टीएलआर-४ मध्ये ४५६ आणि ४५८ या क्रमांकांच्या जागी हिस्टिडिन नावाची अमिनो आम्लं आहेत, आणि निकेलचा कण नेमका तिथे अडकतो. जिवाणू नाही, संसर्ग नाही, तरी घंटा वाजते. उंदराच्या टीएलआर-४ मध्ये त्या दोन जागी हिस्टिडिन नाहीत, आणि उंदराला नुसत्या निकेलची अशी अ‍ॅलर्जी सहसा होतही नाही. माणसाचा रिसेप्टर दिल्यावर उंदरालाही ती होऊ लागली. या विषयातला याहून स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल. कोबाल्टही याच वाटेने जातो.

दोन्ही किल्ल्या फिरल्या की पहारेकरी पेशी जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन वर्दी देते, आणि निकेल ओळखणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढत जाते. याला निदान १० ते १४ दिवस लागतात आणि या काळात बाहेर काहीच दिसत नाही. त्यातल्या काही पेशी पुढे कातडीतच मुक्काम ठोकतात. नंतर निकेल पुन्हा लागलं की त्या २४ ते ७२ तासांत सूज आणतात. जुन्या जागी चट्टा पुन्हा पुन्हा उठतो तोही या मुक्कामी पेशींमुळे.

याच जातीचे आणखी दोन त्रास आपल्याकडे घरोघरी आहेत. एक गाजर गवताचा, म्हणजेच काँग्रेस गवताचा. १९५५-५६ च्या सुमारास हे तण पुण्यात नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हवेतल्या वाळल्या चुऱ्याबरोबर येऊन चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत बसतं. वर्षानुवर्षं खुरपणी करणाऱ्या शेतकऱ्याची कातडी जाड, काळपट, चिरा पडलेली होते, आणि लोक समजतात उन्हाचा त्रास आहे. याच कुळातल्या शेवंतीनेही अशा माणसाला त्रास होऊ शकतो. दुसरा त्रास केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाचा. लग्नसराईत हातावर काढतात त्या 'काळ्या मेंदी'तही तेच असतं. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो. काही तासांत काळीकुट्ट रंगणारी मेंदी लहान मुलाच्या हातावर काढू नका. एकदा टी-पेशींनी पीपीडी ओळखलं की ती ओळख बहुधा जन्मभर राहते, आणि पन्नाशीला पहिल्यांदा डाय लावल्यावर डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजतो.

इसब: भिंत पडकी, निरोप न थांबणारे

तिसरी घडामोड म्हणजे लहान मुलांच्या गालांवर, मग कोपर-गुडघ्यांच्या लवणीत येणारा इसब. यात कोणत्या एका पदार्थाला दोष देता येत नाही, म्हणून आईवडील थकून जातात.

कातडीचा वरचा थर बांधून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन आहे. काही मुलांत त्याच्या जनुकातच दोष असतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं. भिंत पडकी असली की पाणी बाहेर जातं. धूळ, साबण, जिवाणू आत येतात. कातडीच्या पेशी इशारे सोडतात आणि प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ हे दोन निरोपे रेणू बाहेर टाकू लागतात. हे रेणू कातडीच्या पेशींवरच्या रिसेप्टरवर बसले की फिलॅग्रिनचं उत्पादन आणखी घटतं, म्हणजे भिंत आणखी पडते. मज्जातंतूंवरही हा रिसेप्टर असतो, त्यामुळे खाजेची संवेदना तिखट होते. मूल खाजवतं, कातडी फुटते आणि चक्र पुन्हा फिरतं.

या दोन निरोप्यांच्या रिसेप्टरमध्ये एक भाग सामाईक आहे: आयएल-४ रिसेप्टर अल्फा (आयएल म्हणजे इंटरल्युकिन). दोन प्लग, पण सॉकेट एकच. डुपिलुमॅब हे इंजेक्शन त्या सॉकेटवर झाकण बसवतं, रांगतं मूल घरात असलं की आपण प्लास्टिकचं बसवतो तसं. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. मोठ्या माणसाला पहिल्या वेळी ६०० मिलिग्रॅम, नंतर दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, कातडीखाली. डोळे लाल होणं, चुरचुरणं हा त्याचा ठरलेला उपद्रव. निकेलच्या झुमक्यांनी झालेल्या चट्ट्यांवर हे इंजेक्शन मागायला जाण्यात अर्थ नाही, कारण तिथे मुख्य दोषी हे सॉकेट नाहीच. झुमके काढायचे असतात.

इसबाच्या खाजेवर अँटिहिस्टामिन का फिकं पडतं, तेही इथे कळतं. या खाजेत हिस्टामिनचा वाटा थोडा आहे. इंटरल्युकिन-३१ नावाचा वेगळा निरोप्या थेट मज्जातंतूवरच्या आपल्या रिसेप्टरवर बसतो. एच-१ वर कितीही रुमाल टाका, तो दुसऱ्याच गाडीने आलेला असतो. त्याचा रिसेप्टर अडवणारं नेमोलिझुमॅब जपानमध्ये २०२२ साली आणि अमेरिकेत २०२४ साली मान्य झालं.

इसबावरच्या जॅक-रोधक गोळ्या बटणाला किंवा सॉकेटला हात लावत नाहीत, त्या आतली वायर तोडतात (जॅक म्हणजे रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणारी प्रथिनं). काम झटपट होतं, खाज काही दिवसांतच उतरते. पण त्याच वायरीवर घरातली इतरही उपकरणं चालतात, संसर्गाशी लढणारी धरून. म्हणून आपल्या देशात ही गोळी सुरू करण्याआधी दबा धरून बसलेला क्षयरोग तपासणं टाळू नये.

"दहा वर्षं हेच वापरतेय, आजच कशी अ‍ॅलर्जी होईल?"

होते. टी-पेशींची ओळख पटायला कमीत कमी दहा ते चौदा दिवस लागतात, जास्तीत जास्त किती याला मर्यादा नाही. मुलामा झिजून निकेल उघडं पडायला वर्षं लागतात. बाळंतपण, भांड्यांचा साबण, उन्हाळ्यातला घाम यांनी कातडी फुटली की आत जाणारं प्रमाण एकदम वाढतं. अ‍ॅलर्जीसाठी आधीची ओळख लागतेच, त्यामुळे जुनी वस्तू निर्दोष असते हा समज उलटा आहे.

"रक्त बिघडलंय, प्रतिकारशक्ती वाढवायला हवी"

वर वाचलंत ते सगळं जागरूक प्रतिकारशक्तीचंच काम होतं. ती कमी पडलेली नाही, चुकीच्या बटणावर धावते आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णं इथे कामाची नाहीत. रक्तशुद्धीच्या नावाने मिळणाऱ्या पुड्यांत काय मिसळलेलं आहे हे माहीत नसेल तर त्या घेऊच नयेत.

"मोठी रक्ततपासणी करून यादीच मिळवली तर?"

शेकडो पदार्थांचं जे पॅनेल विकलं जातं ते आयजीई मोजतं, तेही रक्तातलं. निकेल, पीपीडी, गाजर गवत यांची टी-पेशींची अ‍ॅलर्जी त्यात दिसणारच नाही. आणि दीर्घकाळ उठणाऱ्या पित्तात अनेकदा शरीराने स्वतःच्याच आयजीईविरुद्ध किंवा त्याच्या रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं बनवलेली असतात; बाहेरचा पदार्थ नसतोच. अशा रिपोर्टवरून वाढत्या मुलाचं दूध, अंडं, गहू तोडून टाकलेले पाहिले की फार वाईट वाटतं. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं असा अर्थ होत नाही.

"स्टेरॉइडची ट्यूब नको बाई"

स्टेरॉइडचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. औषध आत शिरून त्याला भेटतं, जोडी केंद्रकात जाते आणि सूज आणणारी कितीतरी जनुकं एकदम मंदावतात. त्यामुळे ते तिन्ही प्रकारांत काम करतं, आणि म्हणूनच अतिवापराने कातडी पातळ होते. मोजून वापरलं तर घाबरण्याचं कारण नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. इसबात ट्यूबच्या अनेकपट मॉइश्चरायझर लागतं: अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम तरी, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच. डाळीच्या पिठाने घासणं सोडा. फुटलेल्या कातडीतून अन्नातली प्रथिनं आत गेली की त्यांच्याविरुद्ध आयजीई तयार होऊ शकतं.

खरी भीती त्या तीन-चार औषधं कोंबलेल्या ट्यूबची बाळगावी, जी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. गजकर्णावर ती लावली की स्टेरॉइड पहारेकऱ्यांना झोपवतं, लाली उतरते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी मोकळ्या रानात पसरते.

निकेलचा संशय असेल तर

खात्री पॅच टेस्टने होते. पाठीच्या वरच्या भागावर छोट्या चकत्या चिकटवतात. निकेलसाठी व्हॅसलिनमध्ये ५ टक्के निकेल सल्फेट. ४८ तास पाठ कोरडी ठेवायची, म्हणून एप्रिल-मेच्या घामात ही तपासणी टाळलेली बरी. चकत्या काढून एकदा बघतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा. ही दुसरी फेरी चुकवू नका, कारण टी-पेशी उशिरा येतात. धातूंचा निकाल कधी सातव्या दिवशीही उमटतो. अँटिहिस्टामिनची गोळी चालू असली तरी चालते, पण तोंडाने स्टेरॉइड घेत असाल तर आधी सांगा, आणि पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावू नका.

निकाल निकेलचा आला तर घरातली यादी करा: खोटी कानातली, मंगळसूत्राचा फासा, घड्याळाचं बक्कल, जीन्सचं बटण, चष्म्याची दांडी, परकराची पिन. बेंबीखालचा हट्टी चट्टा बहुतेक वेळा जीन्सच्या बटणाचा असतो. संशयित वस्तू डायमिथाइलग्लायॉक्सिमच्या किटने तपासता येते: कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन वस्तूवर अर्धा मिनिट घासायचा, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू द्यायला कायद्याने मनाई आहे, आणि टोचलेल्या भोकात बसणाऱ्या दांडीसाठी ही मर्यादा ०.२ आहे. बटणावर नेलपॉलिशचा थर दिला तर काही दिवस निभावतं, घामाने तो उडाला की पुन्हा द्यावा लागतो. कानासाठी टायटॅनियम किंवा २२ कॅरेटचं सोनं घ्या. पांढऱ्या सोन्याच्या मिश्रणात मात्र निकेल असू शकतं, तेव्हा सराफाला आधी विचारा, आणि दांडी व मागची फिरकी दोन्ही त्याच धातूची आहेत ना, तेही बघून घ्या. बाळाचे कान टोचतानाही हाच प्रश्न विचारायचा, कारण ताज्या जखमेत गेलेली निकेलची तार लॉकरच्या दोन्ही किल्ल्या बरोबर घेऊनच आत जाते.